आफ्रिकेतल्या कोणत्या तरुण इंटरनेट उद्योजकाची कारकीर्द अभ्यासण्यासारखी आहे?

तुम्ही विचारलंय की आफ्रिकेतल्या एकाच इंटरनेट उद्योजकाची कारकीर्द नीट समजून घ्यायची असेल तर कोणाची घ्यावी, आणि जिथे नेट महाग, बँकेचं कार्ड मोजक्यांकडे, तिथे असा धंदा उभा तरी कसा राहतो. माझं उत्तर: जेसन न्जोकू, नायजेरियन चित्रपट इंटरनेटवर दाखवणाऱ्या 'इरोको' या कंपनीचा संस्थापक. पैसे पाठवण्याच्या ॲपवाल्या कंपन्या त्याच्या कंपनीपेक्षा कितीतरी मोठ्या झाल्या, हे खरं. पण मी चित्रपटांच्या प्रसारण हक्कांच्या करारांचं काम करतो, आणि चित्रपट इंटरनेटवर विकणं म्हणजे काय हे मला या माणसाच्या वाटचालीतून जेवढं कळलं, तेवढं दुसरीकडे कुठे कळलं नाही.

त्याचा जन्म 1980 चा, लंडनमधला. आईवडील नायजेरियाचे. मँचेस्टर विद्यापीठात रसायनशास्त्र शिकला, पण नोकरीत रमला नाही. 'ब्रॅश' नावाचं विद्यार्थ्यांचं मासिक काढलं, ते बंद पडलं. पुढचे उद्योगही एकामागून एक बुडाले. तिशीला टेकलेला, खिसा रिकामा, असा तो लंडनला आईच्या घरी राहायला आला. आईला नायजेरियन चित्रपटांचं वेड. ते इंटरनेटवर शोधायला गेला तर रीतसर विकणारं कोणीच नाही. यूट्यूबवर कोणीतरी तुकडे करून चढवलेले, तेही परवानगीशिवाय.

इथे नॉलिवूडचं, म्हणजे नायजेरियाच्या चित्रपटसृष्टीचं, थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं लक्षात येणार नाही. युनेस्कोच्या पाहणीत 2006 सालचे आकडे आहेत: भारतात 1,091 चित्रपट, नायजेरियात 872, अमेरिकेत 485. नायजेरियातले हे चित्रपट थिएटरसाठी नव्हतेच. व्हिडिओवर काही दिवसांत शूट करायचे, आधी कॅसेटवर आणि नंतर सीडीवर थेट बाजारात आणायचे, लोकांनी घरी बसून बघायचे. लागोस या नायजेरियातल्या मोठ्या शहरातला अलाबा बाजार हे त्याचं केंद्र. तिथले व्यापारीच पैसा लावायचे, तेच माल विकायचे. चोरटी प्रत बाजारात यायच्या आत जेवढ्या सीडी खपतील तेवढीच कमाई. इंटरनेटचे हक्क ही कल्पनाच या हिशेबात नव्हती. मला हे ओळखीचं वाटतं. आपल्याकडच्या जुन्या मराठी चित्रपटांचे करार काढून बघा. सॅटेलाइटचं, म्हणजे टीव्हीवर दाखवण्याच्या हक्काचं, कलम सापडेल, इंटरनेटचा उल्लेख नसतो, आणि मग हक्क नेमका कोणाचा यावर महिने जातात.

न्जोकू लागोसला गेला. पैसा दिला बास्टियान गॉटर या कॉलेजच्या जर्मन मित्राने, जो तेव्हा तेलाच्या व्यवहारांत नोकरीला होता. 2010 च्या शेवटी कंपनी सुरू झाली ती लागोसच्या फेस्टॅक टाऊन या वस्तीतल्या एका फ्लॅटमध्ये. न्जोकू अलाबात निर्मात्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या दुकानांत जाऊन बसायचा, चित्रपटांचे ऑनलाइन हक्क लिहून घ्यायचा आणि पैसे मोजायचा. माझ्या मते त्याच्या साऱ्या कारकिर्दीतलं सर्वांत मोलाचं काम हेच. ज्या गोष्टीची किंमत शून्य धरली जात होती तिला त्याने दर लावला आणि कागदावर आणलं. त्या कागदांमुळेच यूट्यूबवरचं 'नॉलिवूड लव्ह' हे त्याचं चॅनेल रीतसर जाहिरातीचं उत्पन्न मिळवू लागलं. जगभरातले नायजेरियन, घानाचे, कॅरिबियन प्रेक्षक त्यावर तुटून पडले.

डिसेंबर 2011 मध्ये 'इरोको टीव्ही' ही स्वतःची साइट आली. आधी फुकट, मग 2012 मध्ये नव्या चित्रपटांसाठी महिना 5 डॉलर वर्गणी. न्यूयॉर्कच्या टायगर ग्लोबल या गुंतवणूक कंपनीने 80 लाख डॉलर घातले. 'आफ्रिकेचा नेटफ्लिक्स' हे बिरूद तेव्हाच चिकटलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. इरोकोचा पैसा आला तो लंडन, न्यूयॉर्क, टोरंटोहून. तिथल्या प्रेक्षकाकडे कार्ड होतं, वेगवान नेट होतं, आणि घरची भाषा, घरची भांडणं, घरचं जेवण पडद्यावर बघण्यासाठी 5 डॉलर त्याला जड नव्हते. नायजेरियातला प्रेक्षक संख्येने अफाट, पण एक चित्रपट स्ट्रीम करायचा तर डेटाचाच खर्च सीडीहून जास्त. न्जोकूला हा देशातला प्रेक्षक हवा होता, आणि पुढची कित्येक वर्षं त्याने त्याच्यासाठी जे जे करून पाहिलं ते थक्क करणारं आहे. 2015 मध्ये आफ्रिकेसाठी स्ट्रीमिंग बाजूला ठेवून अँड्रॉइड ॲप आणलं: चित्रपट फोनवर उतरवून घ्या आणि नेट बंद करून बघा. फाइल्स जितक्या लहान करता येतील तितक्या केल्या. डेटा परवडत नाही म्हणून लागोसमध्ये किऑस्क मांडले, तिथे जाऊन चित्रपट फोनमध्ये घेता यायचे. सॉफ्टवेअर कंपनीने चौकात टपरी टाकावी, इतकं तिथलं वास्तव त्याने ओळखलं होतं.

जानेवारी 2016 मध्ये फ्रान्सच्या कॅनल प्लस या टीव्ही कंपनीने आणि स्वीडनच्या किनेविक या गुंतवणूक कंपनीने 1 कोटी 90 लाख डॉलर दिले. त्याच महिन्यात नेटफ्लिक्स नायजेरियात उतरलं. पण घाव बसला तो दुसरीकडून. जून 2016 मध्ये नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने नायरा या तिथल्या चलनाचा बांधलेला दर सोडला. डॉलरला 197 च्या घरात असलेला नायरा लगेच 280 च्या पुढे गेला आणि नंतर घसरतच राहिला. वर्गणी नायरात गोळा होणार, सर्व्हरचं बिल डॉलरमध्ये भरायचं. ग्राहक वाढले तरी डॉलरमधलं उत्पन्न आटतं. यावर कोणत्याही ॲपमध्ये उपाय नाही.

याच काळात दुसरी एक गोष्ट शांतपणे वाढत होती. त्याची पत्नी मेरी, स्वतः नॉलिवूडची अभिनेत्री, हिने 2013 मध्ये इरोकोच्याच छत्राखाली 'रॉक' हा निर्मिती स्टुडिओ सुरू केला. चित्रपट आणि मालिका स्वतः बनवायच्या, हक्क स्वतःकडे ठेवायचे, आणि टीव्ही चॅनेलच्या रूपाने विकायचे. ब्रिटनमध्ये स्काय या टीव्ही सेवेवर चॅनेल आलं. 2019 मध्ये कॅनल प्लसने हा स्टुडिओ विकत घेतला. इरोकोच्या साऱ्या प्रवासातला चोख यशस्वी सौदा हाच, आणि तो साध्या टीव्हीच्या जोरावर झाला. न्जोकूवरच्या लेखांत मेरीचं नाव ओझरतं येतं, हे मला पटत नाही.

2020 मध्ये कोविड आणि घसरता नायरा एकत्र आले. माणसं कमी करावी लागली, परदेशातल्या वर्गणीचे दर वाढवले, लक्ष पुन्हा परदेशस्थ प्रेक्षकाकडे वळवलं. नायजेरियात स्ट्रीमिंग रुजवण्याच्या प्रयत्नात सुमारे 10 कोटी डॉलर गेले, असं पुढे त्यानेच जाहीरपणे सांगितलं. त्याच्यावर हसण्याआधी हे बघा की जानेवारी 2024 मध्ये ॲमेझॉन प्राइमनेही आफ्रिकेतल्या मूळ निर्मितीतून हात काढून घेतला. त्यांच्याकडे तर पैशांची ददात नव्हती.

म्हणून मी त्याला अपयशी म्हणणार नाही. सध्या नायजेरियातल्या कित्येक अभिनेत्री-निर्मात्या पूर्ण लांबीचे चित्रपट स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर टाकतात, लाखो प्रेक्षक ते बघतात, आणि जाहिरातीचा पैसा थेट त्यांच्याकडे जातो. ऑनलाइन हक्काला किंमत असते हे त्या बाजाराने पहिल्यांदा इरोकोच्या काळात पाहिलं. शिवाय 2013 मध्ये न्जोकू आणि गॉटरने 'स्पार्क' नावाने लागोसमधल्या नवख्या कंपन्यांना पैसा द्यायला सुरुवात केली. हॉटेल बुकिंगची 'हॉटेल्स डॉट एनजी' ही त्यांतलीच.

तुम्ही खरंच अभ्यास करणार असाल तर त्याचा ब्लॉग वाचा. चालू कंपनीचे आकडे, गुंतवणूकदारांशी झालेले वाद, बंद पडलेले प्रयोग, सगळं त्याने त्या त्या वेळी लिहून ठेवलंय. 2012 च्या आसपासचे लेख आधी वाचा, मग 2016 नंतरचे. प्रत्येक लेख वाचताना एवढंच शोधा की हा पैसा कोणत्या देशातून आणि कोणत्या चलनात येणार होता.