स्पॅनिशमधल्या सारख्या अर्थाच्या शब्दांतून नेमका शब्द कसा निवडायचा?

पेदिर–प्रेगुंतार आणि साबेर–कोनोसेर या जोड्या पाठ करूनही बोलताना गोंधळ होतो, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते हा गोंधळ स्पॅनिशचा नाही, मधे बसलेल्या इंग्रजीचा आहे. पुस्तकात पहिल्या दोन्हींसमोर 'आस्क' आणि दुसऱ्या दोन्हींसमोर 'नो' छापलेलं असतं. ते बाजूला ठेवा आणि आधी मराठीत वाक्य म्हणून बघा.

मदत मागायची, माफी मागायची, हॉटेलात कॉफी मागवायची, तर पेदिर. भाव, पत्ता, वेळ विचारायची, तर प्रेगुंतार. मागणं आणि विचारणं यांत आपण कधी चुकतो का? फक्त 'प्रश्न विचारणं' याला 'आसेर उना प्रेगुंता' म्हणतात, म्हणजे स्पॅनिशमध्ये प्रश्न 'करतात'.

दुसऱ्या जोडीत मराठी आणखी उपयोगी पडते. माहिती असणं म्हणजे साबेर, ओळखणं म्हणजे कोनोसेर. 'मला पोहता येतं' हेही साबेरच: 'से नादार'. भूतकाळात तर फारच छान जुळतं. इम्पेर्फेक्तोमधलं (चालू असलेली स्थिती सांगणारा भूतकाळ) 'साबीआ' म्हणजे 'मला माहीत होतं', इंदेफिनिदोमधलं (घडून गेलेली गोष्ट सांगणारा भूतकाळ) 'सुपे' म्हणजे 'मला कळलं'. तसंच 'कोनोसीआ' म्हणजे ओळखत होतो आणि 'कोनोसी' म्हणजे ओळख झाली. शहराच्या बाबतीत मात्र जपा. 'मला माद्रिद माहीत आहे' असं आपण म्हणतो, पण तिथे कोनोसेरच हवं.

काही ठिकाणी मराठीही दगा देते. आपला 'कोपरा' स्पॅनिशमध्ये दोन आहेत. रस्त्याच्या वळणावरचा किंवा गुडघ्याला लागणारा टेबलाचा बाहेरचा कोपरा म्हणजे एस्किना, खोलीत झाडू उभा करतो तो आतला कोपरा म्हणजे रिंकोन. रेआल आकादेमिआ एस्पान्योला या स्पॅनिश भाषेच्या अधिकृत संस्थेचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. त्यातही रिंकोनची व्याख्या दोन भिंती मिळतात तिथला आत जाणारा कोन अशीच आहे. थोडं स्पॅनिश यायला लागलं की दुभाषी कोशापेक्षा हाच उघडत जा, असे बारकावे तिथेच सापडतात.

आणि कुणी जेवायला हाक मारली की आपण 'आलो, आलो' म्हणतो. स्पॅनिशमध्ये तिथे 'या बोय', म्हणजे शब्दशः 'जातो'. बोलणारा जिथे उभा आहे तिकडे येणं तेवढंच बेनिर. ही सवय मोडायला वेळ लागतो, म्हणून पहिल्यापासूनच मोठ्याने म्हणून घोटा.