वाचकांचे प्रश्न : कात्री, खळ आणि लेयर

प्रश्न : मी नाशिकच्या एका डिझाइन महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकते. ‘माझे शहर’ या विषयावर कोलाज करायचे होते. जुन्या दिवाळी अंकांतून घाट, द्राक्षे, मंदिरे, रिक्षा अशी पंचवीसेक चित्रे मी काळजीपूर्वक कापली आणि पांढऱ्या कार्ट्रिज कागदावर चिकटवली. ते पाहून आमचे सर एवढेच म्हणाले, की हे चिकटकाम झाले, कोलाज नाही. या दोहोंत नेमका फरक काय?

उत्तर : सरांनी निकाल दिला आणि कारण सांगितले नाही, हे काहीसे अन्यायाचे झाले, पण निकाल चुकीचा असेल असे मला वाटत नाही. तुम्ही लिहिलेली यादीच पाहा. घाटाचे चित्र तुमच्या कागदावर येऊनही घाटच राहिले आणि द्राक्षांचे चित्र द्राक्षेच राहिले. जे शब्दांत सांगता आले असते तेच चित्रांत सांगितले गेले. कोलाजमध्ये कात्रणाला दोन कामे करावी लागतात : ते मुळात काय होते याची ओळख त्याने टिकवायची आणि नव्या जागी दुसरेच काहीतरी व्हायचे. या दोन ओळखींमध्ये जी ओढाताण होते, ती पाहण्यासाठीच आपण कोलाजसमोर थांबतो.

१९१२ मध्ये पिकासोने एका लंबगोल स्थिरचित्रात वेताच्या खुर्चीच्या विणीचा भाग दाखवण्यासाठी ती वीण रंगवण्याचे कष्ट घेतले नाहीत. वीण छापलेला मेणकापडाचा तुकडा त्याने सरळ कॅनव्हासवर चिकटवला आणि चौकटीच्या जागी दोर गुंडाळला. यातली खरी गंमत अशी, की चित्रात सर्वांत खरी वाटणारी ती वीणच मुळात छापील, म्हणजे नकली आहे आणि दोर मात्र खराखुरा आहे. त्याच वर्षी त्याचा सहकारी चित्रकार ब्राक याने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद कापून आपल्या कोळशाच्या रेखाटनात बसवला. दोघांनीही निवडलेला कागद सुंदर नव्हता, दुकानात मिळणारा सामान्य माल होता. रद्दीच्या दुकानात जाताना सुंदर चित्रे शोधायची नसतात, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो ते यामुळेच. सुंदर चित्र आधीच पूर्ण झालेले असते. ते तुमचे ऐकत नाही.

यापुढचे पाऊल बर्लिनच्या डाडा या बंडखोर कलावंतांच्या गटातील हाना ह्योखने टाकले. ती उलश्टाइन या प्रकाशनसंस्थेत स्त्रियांच्या मासिकांसाठी भरतकामाचे आणि लेसचे नमुने काढण्याची नोकरी करीत असे, आणि त्याच संस्थेच्या सचित्र नियतकालिकांमधील छायाचित्रे कापून तिने पुढाऱ्यांची डोकी नर्तकींच्या धडांवर बसवली. १९१९-२० मधील तिच्या प्रसिद्ध फोटोमाँटाजच्या, म्हणजे छायाचित्रांच्या कोलाजच्या, नावातच स्वयंपाकघरातल्या सुरीचा उल्लेख आहे. त्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, युरोपातील ज्या देशांत स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला होता त्या देशांचा छोटा नकाशा आहे आणि त्याला लागून तिने स्वतःचा इवलासा चेहरा चिकटवला आहे. इतक्या गर्दीच्या चित्रात आपली सही तिने या जागी करावी, हा निर्णय कात्रीचाच आहे.

आता तुमच्या कामाकडे वळू. तुम्ही ‘काळजीपूर्वक कापली’ असे लिहिले आहे आणि त्याचा अर्थ, मी समजतो, वस्तूच्या बाह्यरेषेवरून कापली असा आहे. नेहमी बाह्यरेषेवरूनच कापले की प्रत्येक कात्रण स्टिकरसारखे दिसते. एकदा वस्तूच्या मधूनच कापून पाहा. घाटाच्या पायऱ्यांची केवळ एक पट्टी घ्या, तिचा घाट उरणार नाही, आडव्या रेषांची लय उरेल, आणि ती लय रिक्षाच्या हुडाला किंवा साडीच्या घडीला जाऊन मिळू शकेल. वस्तू कापून घेतल्यावर पानात जे भोक उरते तेही टाकू नका. अनेकदा त्या भोकाचा आकार वस्तूपेक्षा अधिक बोलका असतो. फाडलेली कडही वापरून बघा : आर्ट पेपर फाडला की एका बाजूला पांढरी किनार दिसते आणि दुसऱ्या बाजूला दिसत नाही, त्यामुळे कोणत्या हाताने आपल्याकडे ओढत फाडायचे हाही रचनेचाच भाग होतो.

एक कसरत सुचवतो. त्याच विषयावर पुन्हा काम करा, पण केवळ तीन पाने घ्या. एक छायाचित्राचे, एक निव्वळ मजकुराचे आणि एक चित्र नसलेले, म्हणजे लग्नपत्रिकेचा पाठकोरा भाग, किराणा दुकानाची पावती किंवा पुड्याचा तपकिरी कागद. तुकडे मांडा, मोबाइलने छायाचित्र काढा, हलवा, पुन्हा छायाचित्र काढा, आणि एक संपूर्ण दिवस गोंदाला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी वीसेक छायाचित्रे ओळीने पाहिली म्हणजे हात कोणत्या सवयीने चालतो हे कळते. सर्व काही मध्यभागी आणायची सवय बहुतेकांना असते. ती मलाही होती.

प्रश्न : फेव्हिकॉलने चिकटवलेले वर्तमानपत्राचे कागद सुरकुततात आणि काही महिन्यांत पिवळे पडतात. उपाय काय? (कोल्हापूर)

उत्तर : या दोन तक्रारींची कारणे वेगळी आहेत. पिवळेपणा गोंदाचा दोष नाही. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातील लिग्निन हे द्रव्य राहिलेले असते आणि प्रकाश व हवा लागली की ते रंग बदलते. तो थांबवता येत नाही, फक्त लांबवता येतो. काम वर्षानुवर्षे टिकवायचे असेल, तर वर्तमानपत्राची चांगल्या कागदावर काढलेली झेरॉक्स वापरा. झेरॉक्सचा टोनर, म्हणजे तिची कोरडी शाई, पाण्याने पसरत नाही, हा तिचा आणखी एक फायदा; घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेल्या प्रतीची शाई मात्र ओल्या गोंदाने बहुधा फुटते, तेव्हा आधी कोपऱ्यावर थेंब टाकून तपासा.

सुरकुत्या पाण्यामुळे पडतात. फेव्हिकॉलमधले पाणी शोषून कागदाचे तंतू फुगतात, आणि ते लांबीपेक्षा जाडीच्या दिशेने अधिक फुगतात; कागदातले बहुतेक तंतू एकाच दिशेने असल्यामुळे कागद मुख्यतः त्यांच्या आडव्या दिशेने वाढतो. तंतूंची दिशा ओळखायला सोपी आहे : कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा, ज्या दिशेने तो सहज वाकतो त्या घडीला समांतर त्याचे तंतू असतात. तळाचा कागद आणि वरचे मोठे कात्रण यांचे तंतू एकाच दिशेने ठेवले की निम्मी भांडणे मिटतात. गोंद पातळ आणि कडेपर्यंत लावावा, कात्रण मधून बाहेरच्या दिशेने दाबावे, वर बटर पेपर ठेवून जाड पुस्तकांखाली रात्रभर राहू द्यावे. पुठ्ठा तरीही वाकला, तर त्याच्या पाठीवर त्याच आकाराचा साधा कागद त्याच गोंदाने चिकटवला म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते.

मी स्वतः अजूनही खळ वापरतो. एक भाग मैदा, पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवायचे आणि गाळून घ्यायचे. ती सावकाश वाळते, त्यामुळे चुकलेला तुकडा उचलून पुन्हा बसवता येतो. फेव्हिकॉल इतकी सवड देत नाही. खळ तीनचार दिवसांत आंबते. पुस्तकबांधणीवाले कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालीत असत, पण ते विषारी आहे; वसतिगृहाच्या खोलीत तो प्रयोग करू नका, थोडी थोडी ताजीच करा.

प्रश्न : हाताने केलेले कोलाज मी स्कॅन करून फोटोशॉपमध्ये पुढे नेतो. पण मासिकातील चित्रांवर विचित्र जाळी उमटते, मोठे केले की सगळे धूसर होते, आणि थेट संगणकावर केलेले कोलाज तर खोटेच वाटते. मग डिजिटल कोलाज करावेच का? (पुणे)

उत्तर : जाळीपासून सुरुवात करू. छापील छायाचित्र हे रंगांच्या बारीक ठिपक्यांचे बनलेले असते; चांगल्या मासिकात साधारणपणे इंचाला ठिपक्यांच्या दीडशे ओळी असतात. स्कॅनरही चित्राचे चौकोनी तुकडे करूनच वाचतो. या दोन जाळ्या एकमेकींवर पडल्या की तिसरीच नक्षी उमटते. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर सरकवले की दिसते तशी. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये डीस्क्रीन हा जाळी घालवण्याचा पर्याय असतो, तो वापरावा. नसल्यास ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून किंचित ब्लर द्यावा आणि मग आकार लहान करावा. याच्या उलटही करता येते : १२०० डीपीआयवर स्कॅन करून ठिपके चांगले मोठे दिसतील इतके चित्र वाढवावे आणि ते छापील आहे हे लपवूच नये.

धूसरपणा हा साधा हिशेब आहे. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर ए३ आकाराला ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल लागतात. पाच सेंटिमीटरचे कात्रण ६०० डीपीआयवर स्कॅन केले, तर ते दहा सेंटिमीटरपर्यंत नीट छापले जाईल. वीस सेंटिमीटर हवे असेल, तर स्कॅनच १२०० वर करायला हवा. व्हॉट्सॲपवरून आलेले चित्र या हिशेबात कोठेच बसत नाही. कात्रणे एकदाच नीट स्कॅन करा, त्यांना कळतील अशी नावे द्या आणि मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर काम करा. इरेझरने पुसू नका, लेयर मास्क (लेयर म्हणजे चित्राचा सुटा थर, मास्क म्हणजे त्याचा नको तो भाग झाकणारा पडदा) वापरा, कारण पुसलेले परत येत नाही आणि मास्कने झाकलेले परत येते. जुन्या मजकुराच्या कागदासाठी मल्टिप्लाय हा ब्लेंड मोड, म्हणजे वरचा थर खालच्या थरात मिसळण्याची पद्धत, कामाचा आहे; त्यात पांढरे नाहीसे होते, अक्षरे राहतात आणि खालच्या थराचा पोत अक्षरांमधून दिसत राहतो. फोटोशॉप परवडत नसेल, तर क्रिटा किंवा गिंप यांमध्ये ही सर्व कामे होतात आणि दोन्ही विनामूल्य आहेत.

आता खोटेपणाकडे वळू, कारण तुमच्या पत्रातील खरा प्रश्न तोच आहे. त्याचे एक कारण डोळ्यांना दिसणारे असते : एका चित्रातला प्रकाश डावीकडून, दुसऱ्यातला उजवीकडून, एक चित्र टोकदार, दुसरे मऊ, आणि या सगळ्यांखाली सॉफ्टवेअरने दिलेली एकसारखी काळी सावली. ड्रॉप शॅडो काढून टाकली तरी बराच फरक पडेल. दुसरे कारण अधिक खोल आहे. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले, पण त्यात लेयर १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले, आणि तेव्हापासून चिकटवणे ही क्रियाच संगणकावर उरली नाही. प्रत्येक तुकडा कायम तरंगत राहतो, हवा तेवढा लहानमोठा होतो, हवा तेव्हा परत येतो. कागदावर मात्र कात्रणाचा आकार दिलेला असतो. डोके धडापेक्षा मोठे असेल, तर ते मोठेच राहते आणि त्या अडचणीतून आपल्याला न सुचलेली रचना निघते.

म्हणून संगणकावर अडचण स्वतः निर्माण करावी लागते. माझ्या वर्गात पहिल्या मसुद्यासाठी तीन नियम असतात : स्कॅन केलेल्या तुकड्याचा आकार बदलायचा नाही, अनडू वापरायचे नाही आणि दहापेक्षा अधिक लेयर ठेवायचे नाहीत. मुले कुरकुरतात. पुढच्या मसुद्यात हे नियम सोडले तरी चालतात, कारण तोवर रचनेचा सांगाडा उभा राहिलेला असतो. डिजिटल कोलाज जरूर करा; एकच चेहरा चाळीस वेळा वापरणे, अक्षराच्या पोटात छायाचित्र भरणे, एकाच रचनेच्या सहा रंगसंगती तासाभरात पाहणे, ही कामे कात्रीने होत नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी इंटरनेटवरची आणि मासिकांतली छायाचित्रे वापरून कोलाज करते. ही दुसऱ्याच्या कामाची चोरी नाही का? पुढे काही अडचण येईल का? (नागपूर)

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि ती महाविद्यालयांत फारशी विचारली जात नाही. शिकण्या-शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेल्या वापराला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. वर्गातील काम इन्स्टाग्रामवर टाकणे, त्याचे पोस्टर विकणे किंवा ते एखाद्या ग्राहकाला देणे हे मात्र शिकण्याच्या ओघातले राहत नाही. एक भेद लक्षात ठेवावा : मासिकाचे मूळ पान कापून चिकटवले तर नवी प्रत निघत नाही, ते स्कॅन केले की निघते, त्यामुळे हाताच्या कोलाजपेक्षा डिजिटल कोलाजमध्ये जबाबदारी अधिक असते. भारतात चित्रकाराच्या चित्रावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्रांनाही तोच नियम आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून हक्कमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा सर्वांना वापरासाठी खुल्या केल्या आहेत आणि ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयाच्याही अशा प्रतिमा मिळतात. याहून सोपा मार्ग म्हणजे मुलीला स्वतः छायाचित्रे काढू द्यावीत आणि तीच कापू द्यावीत. स्वतःचे छायाचित्र कापताना हात अडखळतो, तेव्हा दुसऱ्याचे कापताना काय होते हेही तिला समजेल.

प्रश्न : कोलाजच्या अभ्यासात सगळी उदाहरणे युरोपातलीच का? आपल्याकडे काहीच नाही का? (मडगाव)

उत्तर : आहे, पण आपण त्याला कोलाज म्हणत नाही, म्हणून ते अभ्यासक्रमातून निसटते. राजस्थानातील नाथद्वाऱ्यात श्रीनाथजींपुढे, म्हणजे तिथल्या कृष्णमूर्तीपुढे, हात जोडून उभ्या असलेल्या यजमानांची चित्रे करताना चेहऱ्याच्या जागी त्यांचे खरे छायाचित्र कापून चिकटवीत आणि भोवतीचे शरीर, वस्त्रे, मंदिर हाताने रंगवीत. शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी पन्नाशी उलटल्यावर पूर्ण गेली, आणि त्यानंतर त्यांनी कागद कापून, तुकडे बोटांनी चाचपून कोलाज केले. रंगांची नावे विचारून आकार स्वतः ठरवणाऱ्या माणसाचे हे काम आहे. त्यातील आकृत्यांच्या कडा किती नि:शंक आहेत हे प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावे.

आणि तिसरे उदाहरण अगदी आपल्या घरातले आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील चित्रांना घरोघरच्या स्त्रियांनी जर, टिकल्या आणि कापड चिकटवून खरीखुरी साडी नेसवली. असे चित्र एखाद्या नातेवाइकाच्या देवघरात अजून असेल, तर काचेला नाक लावून छापील पदर कोठे संपतो आणि कापडाचा पदर कोठे सुरू होतो ती जागा शोधा; शक्य झाल्यास तिचे छायाचित्र काढून मला पाठवा.