वॉटल अँड डॉब म्हणजे आपला कूडच की!

एका ताईंनी विचारलंय की इंग्लंडच्या ससेक्समधल्या ऑल्फ्रिस्टन गावातल्या क्लर्जी हाऊस या जुन्या घराची माहिती त्या मराठीत लिहितायत आणि भिंतींच्या वर्णनात 'वॉटल अँड डॉब' आलं तिथे गाडी अडली, 'काटक्या-चिखल लेपन भिंत' असं लिहून बघितलं पण त्यांचं त्यांनाच पटेना.

ताई, नवा शब्द कशाला घडवायचा, आपल्याकडे कूड आहे ना! तो कूड, कुडाची भिंत, कुडाचं घर. संस्कृतात कुड्य म्हणजे भिंत, त्यावरून आलेला. कोकणात कारवीच्या काठ्या नाहीतर बांबूच्या कामट्या उभ्या-आडव्या बांधून दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपतात तोच. आमच्या आजोळच्या गोठ्याला होता, पावसाच्या माऱ्याने एका कोपऱ्यातलं लिंपण पडलं की आतली कारवी बरगड्यांसारखी दिसायची आणि आजी लगेच ओला गोळा थापून वर हात फिरवायची, तिच्या बोटांचे वळ वाळल्यावरही तसेच राहायचे.

आता तिकडचं बघा. क्लर्जी हाऊस 14व्या शतकातलं, जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने 1896 मध्ये फक्त 10 पौंडांना घेतलं, त्यांनी विकत घेतलेली ही पहिली इमारत. सांगाडा ओकच्या लाकडाचा. अशा घरांत वरच्या तुळईला भोकं पाडायची, खालच्या तुळईला खाच, त्यात ओकच्या उभ्या पट्ट्या बसवायच्या, त्यांच्यातून हेझलच्या लवचिक फांद्या टोपलीसारख्या विणायच्या, हे झालं वॉटल. मग चिकणमाती, तोडलेला पेंढा आणि शेण (हो, तिकडेही शेणच!) मळून दोन्ही अंगांनी थापायचं ते डॉब, आणि वरून चुन्याचा हात. गंमत म्हणजे डॉब हा शब्द मुळात 'पांढरं करणे' अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आलाय, म्हणजे चुन्यावरून निघाला आणि चिखलात उतरला. मराठीत मात्र लिंपणं वेगळं, सारवणं वेगळं, रंग सफेदी वेगळी, तेव्हा डॉबला नुसतं 'लेप' म्हणू नका, लिंपण म्हणा.

कुणी म्हणेल ओक कुठे आणि कारवी कुठे, पण माझ्या मते शब्द सामानावरून नाही तर कामावरून जुळवावा, आणि काम अगदी तेच आहे. घराचा भार तिकडे ओकच्या खांबांवर, आपल्याकडे मेढींवर, कूड दोन्हीकडे नुसता आडोसा. आडोसाही पातळच, म्हणून तर 'कुडास कान ठेवी ध्यान' ही म्हण आली, आता आपण भिंतीला कान असतात म्हणतो आणि त्यात कूड विसरून गेलो याचं मला खरंच वाईट वाटतं.

जमिनीचं वर्णनही तुमच्या मजकुरात असेलच, खडूचा दगड कुटून, चोपून, वर आंबलेलं दूध मुरवून ती घट्ट केलीये. तिथे 'सारवलेली' लिहू नका, शेण नाहीये त्यात, 'चोपलेली जमीन' बरोबर. छप्पर 'गवताने शाकारलेलं'. मधला हॉल मात्र हॉलच ठेवा, माजघर नको, कारण तो थेट छपरापर्यंत उघडा असायचा, मधोमध चूल आणि धुराडंच नाही, धूर वर छपरातून वाट काढत जायचा.

तर तुमचं वाक्य असं होईल: 'ओकच्या सांगाड्यात कूड भरून, दोन्ही बाजूंनी लिंपून वर चुना दिलेल्या भिंती.'