मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम घालून चालणारी चिप) न वापरता, साध्या आयसी जोडून घरी मॉनिटरवर चित्र आणता येईल का?

येतं, नक्की येतं. तुम्ही फोंड्याला डिप्लोमा करताय आणि आर्डुइनो वगैरे नको, फक्त गेट आणि काउंटर असं लिहिलंय, तर मग व्हीजीए धरा, म्हणजे मॉनिटरला चित्र पाठवायची एक पद्धत. १९८७ साली आयबीएमने आणलेलं जुनं स्टँडर्ड आहे, पण म्हणूनच ब्रेडबोर्डवर जमतं. निळ्या पंधरा पिनांच्या कनेक्टरवाले मॉनिटर ऑफिसांतून भंगारात जातायत, म्हापशाला किंवा तुमच्या फोंड्यालाच भंगारवाल्याकडे बघा.

चित्राचं नंतर, आधी सिंक, म्हणजे ओळ आणि पूर्ण चित्र कुठे संपलं हे मॉनिटरला सांगणारे सिग्नल. ८०० बाय ६०० चा मोड घ्या, त्याचा क्लॉक (ठोके देणारा सिग्नल) ४० मेगाहर्ट्झचा असतो, आपण १० चा ऑसिलेटर लावायचा म्हणजे आडवे आकडे चारने भागले जातात: २०० पर्यंत चित्र, २१० ला सिंक चालू, २४२ ला बंद, २६४ ला ओळ संपली. उभे आकडे भागायचे नाहीत, ते ६००, ६०१, ६०५ आणि ६२८ असेच.

काउंटर ७४एचसी१६३ घ्या, १६१ नको. १६३ पुढच्या क्लॉकला रिसेट होतो त्यामुळे मधेच अर्धवट पल्स येत नाही, फक्त २६४ ऐवजी २६३ पकडायचा. २६३ म्हणजे बायनरीत २५६, ४, २ आणि १, या चार पिना नँडला (सगळे इनपुट एक झाले की शून्य देणारा गेट) दिल्या की झालं, कारण मोजणी चढतीच आहे, त्याआधी या चारही कधी एकत्र एक होत नाहीत. २१० ला मात्र असं करू नका. २१० च्या सगळ्या बिट २४२ मध्येपण आहेत, मग लॅचला (सिंक चालू की बंद हे धरून ठेवणारी सर्किट) चालू आणि बंद दोन्ही एकदम मिळतं, म्हणून तिथे ३२ ची बिट उलटी करून जोडा.

दोन्ही सिंक (पिन १३ आणि १४) बरोबर आले की स्क्रीन काळीच राहते, पण मॉनिटरच्या मेनूत ८०० बाय ६००, ६० हर्ट्झ असं दिसतं. मला विचाराल तर चित्रापेक्षा हा क्षण मोठा!

रंगाच्या लाईनला ०.७ व्होल्टच लागतात आणि मॉनिटरच्या आत ७५ ओहम असतात, म्हणून पाच व्होल्टला ४७० ओहमचा रेझिस्टर मधे घाला. आणि चित्राच्या भागाबाहेर रंग शून्यच पाहिजे, मॉनिटर काळा रंग तिथूनच मोजतो, तिथे काही राहिलं तर सगळंच फिकं दिसतं किंवा काहीच दिसत नाही. आडव्या काउंटरच्या ३२, ६४, १२८ या बिट ७४एचसी०८ (अँड गेट, म्हणजे चित्राच्या भागाबाहेर रंग शून्य) मधून लाल हिरव्या निळ्याला द्या, रंगीत पट्टे उभे राहतात.

पार्ट एकदम मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून मागवा, आणि प्रत्येक आयसीला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावाच. आपल्याकडच्या पावसाळ्यात ब्रेडबोर्डच्या क्लिपा गंजतात आणि चित्र थरथरायला लागतं, काम नसेल तेव्हा सिलिका जेल टाकून डब्यात बंद करून ठेवा.

पुढे २८सी२५६ ईईप्रॉम (चित्र साठवून ठेवणारी मेमरी चिप) घ्या. आडव्याची खालची एक आणि वरची २५६ ची, तशाच उभ्याच्या खालच्या तीन बिट सोडून बाकी पत्त्याला जोडल्या की १०० बाय ७५ चं चित्र मावतं, आणि पत्त्याची एक पिन उरतेच, तिला स्विच लावला की दुसरं चित्र.