पेप्टिडेज म्हणजे नुसतं पचन नव्हे

अगं,

ड्रोसोफिला माशीतल्या पेप्टिडेजवरचं, म्हणजे प्रोटीन-पेप्टाइड कापणाऱ्या एन्झाइमवरचं, तुझं प्रपोजल वाचलं. काजूच्या भट्टीवर बोंडांभोवती घोंगावणाऱ्या माश्यांवरनं सुरुवात केलीस ते मस्त, पण डिचोलीत पकडलेल्या सगळ्या मेलॅनोगॅस्टर (लॅबमध्ये वापरतात ती जात) असतील असं धरू नको, आपल्याकडे अनानासी ही दुसरी जात पण भरपूर, म्हणून कामाला लॅबच्या स्टॉकमधल्या, जात माहीत असलेल्या लाइन्सच घे. (आंब्यात अळी घालते ती माशी वेगळीच हां.)

आता मुद्दा. पेप्टिडेज म्हटल्यावर तू थेट आतड्यात शिरलीस, ट्रिप्सिन वगैरे पचनाची एन्झाइम. ते आहेच, पण मला त्यात फार रस नाही. माशीतलं अमोंटिलाडो हे एन्झाइम बघ, ते प्रोहॉर्मोन (हॉर्मोनचं कच्चं रूप) कापून कामाचं हॉर्मोन बनवतं, ते नसेल तर बऱ्याच अळ्या अंड्यातनं बाहेरच पडत नाहीत. नेप्रिलायसिन नावाची पेप्टिडेज उलट, सिग्नल देणारी पेप्टाइड (छोटी प्रोटीनं) कापून सिग्नल संपवतात, माशीत त्यांची 20 हून जास्त जीन्स आहेत आणि खाणं, मेमरी, अंडी घालणं सगळीकडे त्यांचा हात. म्हणजे कापल्यामुळे सिग्नल चालू होतोय की बंद, हे आधी विचारायचं.

आणि एन्स (माशीतलं आणखी एक पेप्टिडेज) बीपी कंट्रोल करतं म्हणणारं ते पान काढून टाक बाई. माणसातलं एसीई हे एन्झाइम अँजिओटेन्सिन (बीपी वाढवणारं हॉर्मोन) बनवतं, बीपीच्या बऱ्याच गोळ्या त्यालाच अडवतात, खरंय. माशीतलं एन्स त्याचंच भावंड, कॅप्टोप्रिल या तसल्याच गोळीने अडतंसुद्धा, पण माशीत अँजिओटेन्सिनच नाही आणि रक्तवाहिन्यांचं बंद जाळंही नाही, मग प्रेशर कसलं कंट्रोल करणार? एन्स पूर्ण गेलं तर माशी वाढतानाच मरते, जीनच्या दोन वेगवेगळ्या बिघडलेल्या प्रती एकत्र आल्या तर काही वेळा नर जगतात पण त्यांचे शुक्राणू नीट तयार होत नाहीत. गंमत म्हणजे एसीई नसलेल्या उंदरांतही नरांची फर्टिलिटी घटते. मी असते तर प्रपोजल इथूनच सुरू केलं असतं.

मग प्रयोग सोपा, म्युटंट नर आणि नॉर्मल व्हर्जिन माद्या लाव, अंडी किती आणि त्यातली फुटली किती ते मोज, शेजारी नॉर्मल नरांचा कंट्रोल हवाच. एन्सचं चांगलं जीन परत घालून फर्टिलिटी परत येते का तेही बघ, नाहीतर दोष दुसऱ्याच जीनचा निघायचा. 25 डिग्रीला साधारण 10 दिवसांत पिढी होते, तेव्हा घाई नाही. पावसात माश्यांच्या फूडला बुरशी धरते, निपाजिन (बुरशी रोखणारं औषध) विसरू नको.

व्हर्जिन मात्र कोषातनं निघाल्यापासून 8 तासांच्या आत, नराशी जुळण्याआधी, उचलायच्या, तेव्हा सकाळी लॅबला कधी पोचणार ते लिहून पाठव, बसचा टाइम धरून.