मेंदूतल्या पाण्याचा अभ्यास आणि पोटापाण्याचा प्रश्न

उदगीरहून एका वडिलांनी लिहिलं आहे : "मुलगी बारावीला आहे. गणित सोडून पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) घेतलंय, लातूरला नीटचा क्लास चालू आहे. झोपेत मेंदू धुतला जातो असं वाचल्यापासून ती मेंदूतल्या द्रवावर संशोधन करायचं म्हणते. यात पोट भरेल का?"

नमस्कार. पोट भरतं, पण उशिरा. पाच वर्षं शिकून नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे पीएचडी करतानाची शिष्यवृत्ती, मिळाली की महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. पक्की नोकरी तिशीच्या आसपास. तेवढा धीर घरात आहे का, हे आधी आपसात मोकळेपणानं बोला.

आता विषयाकडं येऊ, कारण पुढची निवड त्यावरच ठरेल. मोठ्या माणसात मेंदूतला हा द्रव, ज्याला सीएसएफ म्हणतात, एका वेळी साधारण १५० मिली असतो; पण दिवसाला जवळपास ५०० मिली तयार होतो. म्हणजे रोज तीन-चार वेळा तो बदलतो. मेंदूतल्या पोकळ्यांत तयार होऊन तो तिसऱ्या पोकळीतून चौथीत उतरतो, तिथून बाहेर पडून मेंदू-मणक्याभोवती फिरतो आणि शेवटी रक्तात मिसळतो. तिसरी आणि चौथी पोकळी जोडणारी वाट जेमतेम एक-दोन मिलिमीटरची. ती अडली की मागं पाणी तुंबतं, तान्ह्या बाळाचं डोकं मोठं होत जातं. सर्जन शंट नावाची नळी बसवून पाणी पोटात सोडतात. पुढं ती नळीही तुंबू शकते. दाब, व्यास, प्रवाह : ही बाजू फिजिक्स-गणिताची आहे.

दुसरी बाजू रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या अडसराची. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जुळलेल्या असतात, की बहुतेक औषधं आत शिरतच नाहीत. पार्किन्सन या कंपवाताच्या आजारात मेंदूत डोपामिन हे रसायन कमी पडतं, तरी डोपामिन देऊन भागत नाही, ते बाहेरच राहतं. लेव्होडोपा हे औषध मात्र अमिनो आम्लांच्या दारानं आत जातं आणि आत त्याचं डोपामिन होतं. हे काम केमिस्ट्री आणि फार्मसीचं.

अडसराची ओढ असेल तर एमएच-सीईटीच्या पीसीबी गटातून बी.फार्म. आणि पुढं एम.फार्म.साठी जीपॅट ही परीक्षा. पदवीनंतर नोकरीही मिळू शकते, त्यामुळं मला ही वाट तुमच्यासाठी जास्त सुरक्षित वाटते. प्रवाहाची ओढ असेल तर पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा. त्यात ६० प्रश्न, पैकी १५ गणिताचे; बरोबरला ४ गुण, चुकलं तर १ वजा. पीसीबीवर परीक्षा देता येते, पण गणित कोरं सोडलं तर २४० पैकी ६० गुण हातचे जातात. तिनं आजपासून रोज तासभर अकरावीचं गणित करावं. कॅल्क्युलस तर आयसरमध्ये गेल्यावरही चुकणार नाही.

नीटचा क्लास सोडवू नका, तीन विषय तेच आहेत. फक्त आयएटीचा फॉर्म वेगळा भरावा लागतो.

आणि मुलीला सांगा : २०१३ मध्ये उंदरांवर झोपेत सफाई वाढलेली दिसली, २०२४ मध्ये दुसऱ्या गटाला उंदरांतच ती कमी झालेली दिसली. दोन्ही प्रयोगांत मोजमाप कसं केलं, ते तिनं शोधून काढावं. यात महिनाभर मन रमलं, तर तिची ओढ खरी समजा.