एक्यूआय ‘समाधानकारक’, तरी खिडकीत काळी पूड: खोटं कोण बोलतंय? प्युरिफायर घ्यावा का?

एक्यूआय म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा आकडा. तो दाखवणारं ॲप खोटं बोलत नाही. तुमची पूड त्याच्या हिशोबातच नाही. हवा मोजणाऱ्या केंद्रावर धुळीपैकी पीएम१० आणि पीएम२.५, म्हणजे १० आणि २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण मोजतात, त्याहून जाड धूळ यंत्राच्या तोंडाशीच गाळली जाते.

मी खासगी लॅबमध्ये सॅम्पलिंगला होतो. आमच्या आरडीएस या धूळ मोजायच्या यंत्रात हवा आधी सायक्लोनमधून, म्हणजे शंकूसारख्या भांड्यातून गरगरते. जाड धूळ खालच्या कपात पडते, बारीक धूळ फिल्टर पेपरवर बसते आणि पेपरच्या वाढलेल्या वजनावरून पीएम१० काढतात. विदर्भातल्या एका कारखान्याच्या कुंपणाला लागून वस्ती होती. तिथल्या गच्चीवर यंत्र चोवीस तास चालवलं. कप सोडवताना बोटं काळी झाली, पेपरवरचा पीएम१० चा आकडा मात्र घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या आत बसला. खालच्या घरातल्या काकू वाळवणाचे पापड दाखवत होत्या, त्यांवर हीच पूड.

सर म्हणाले, “कप झटकून टाक, पार्टीने पीएम१० मागितलंय.” नियमाने त्यांचं बरोबरच होतं. १९९४ च्या मानकांत एसपीएमला, म्हणजे एकूण तरंगत्या धुळीला मर्यादा होती. २००९ मध्ये पीएम२.५ आलं आणि एसपीएम गेलं. मी कपातल्या धुळीचं वजन रिपोर्टात शेरा म्हणून लिहिलं, सरांनी ते खोडलं, आणि आमची चांगलीच जुंपली. आजही माझं म्हणणं तेच आहे: लोक तक्रार करतात कपातल्या धुळीची आणि आपण त्यांच्या हातात पेपरचा आकडा ठेवतो. याला मी तरी इंजिनिअरिंग म्हणत नाही.

तुम्ही पूड बोटांत चोळून बघा. करडी, खरखरीत असेल तर बांधकाम किंवा सिमेंट. तेलकट काजळी असेल तर धूर. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुडीवरून फिरवा. बरेच कण चिकटले तर जवळपास लोखंडाची भट्टी आहे का ते पाहा. रोजची पूड वेगळी बांधून त्यावर तारीख आणि वाऱ्याची दिशा लिहा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही.

प्युरिफायर? खिडक्या उघड्या ठेवणार असाल तर पैसे पाण्यात. घरात कुणाला दमा असेल तर गोष्ट वेगळी, डॉक्टरांना विचारा.

आणि हो, बारीक धूळ कमी आहे असंही मी म्हणत नाहीये. आपली ‘समाधानकारक’ची पट्टी पीएम२.५ साठी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत जाते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची शिफारस १५ आहे.